सोजरचा पगार

दौलत,

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तुझी वहिनी सोजर माहेरी अनसिंगला वारल्याचा निरोप आला, तेव्हा खानावळीत पंगत बसली होती. लोक उठेपर्यंत मी वाढत राहिलो.

काल वाशिमला वकिलाच्या मुनीमाकडून इन्कमटॅक्सचा फॉर्म भरून घेतला. त्याने सरपण खर्चात धरलं, पाणी आणणाऱ्या बैलाचा कडबा धरला, सोजर गेल्यावर ठेवलेल्या रामीबाईचा पगारही धरला. मी म्हटलं, "त्याआधी भाकरी सोजरनं थापल्या. तिचाही पगार लिवा."

"देल्ला होता काय?"

"घरच्या बाईले कोनी पगार देते काय?"

"मंग काय लिवू, उकंडराव? बैलाले कडबा तं घातला ना तुमी!"

बाजूचे दोघे हसले. मी फॉर्म उचलून घरी आलो.

मी तिची पेटी आणायला अनसिंगला जातो. आज रामीबाईला पंगतीच्या आधी जेवायला वाढ, मागाहून नको. मुनीमाचा माणूस आला तर फॉर्म देऊ नकोस, कोनाड्यातच राहू दे. मुदत उद्या संपते. दंड होईल असं मुनीम म्हणाला, होऊ दे. मी अजून सही केलेली नाही.