मुबारकचा शेवटचा प्रश्न

मी, आप्पासाहेब देवराव शेळके, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीवर राहून लिहीत आहे. ‘मी हयात आहे’ हे वाक्य वकिलांना इथे हवे होते. ते मी हट्टाने शेवटी ठेवले आहे.

१. राहते घर कन्या श्रेया हिचे. सिल्लोडचे मेहुणे राजकुमार यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. माझ्या विषयाला त्यांनी जन्मभर रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटले, म्हणून त्यांना फक्त माझी आरामखुर्ची द्यावी.

२. सर्व पुस्तके वहिदाभाभींना. त्यांचे पती मुबारक अरबी शिकवायचे. तो माझा जिवलग. मध्ययुगीन युरोपातल्या तर्कपंडितांचा एक खेळ आम्ही खेळायचो. एकाने धडधडीत खोटे विधान मांडायचे, दुसऱ्याने ते मान्य करायचे. मग त्यातून जे निघते ते कबूल करायचे, जे त्याच्याशी जुळत नाही ते नाकारायचे. विसंगत उत्तर देणारा हरला, पण मांडणारा स्वतः ‘डाव संपला’ म्हणेपर्यंत सुटका नाही.

गेल्या श्रावणात मुबारक म्हणाला, “समज आप्पा, तू मेलायस. मान्य?”

मी हसून मान्य केले. मेलेल्याला फोन येत नाही, हे कबूल केले. शेजारी हाक मारत नाहीत, हेही. मग त्याने विचारले, “श्रेया दारात आली तर तिला तू दिसशील का?” मी उत्तर देणार, तेवढ्यात तो बसल्या जागी गेला. डाव तसाच राहिला.

३. तेव्हापासून माझा फोन वाजलेला नाही. श्रेया वहिदाभाभींना रडून सांगते की रोज लावते, लागत नाही. शेजारी समोरून जातात, थांबत नाहीत. जेवढे कबूल केले तेवढेच घडते आहे. मला फार भीती वाटते.

४. आधार मान्य आणि त्यातून निघणारा निष्कर्ष अमान्य, असे चालत नाही, हे मी आयुष्यभर शिकवले. त्या हिशेबाने वैध उत्तर एकच, ‘नाही’. आज श्रेया येते आहे. मी जाणूनबुजून चुकतो. मुबारक, माझे उत्तर : दिसेन. मी हयात आहे. मी हरलो.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दि. १४ नोव्हेंबर २०२४
(सही) आप्पासाहेब देवराव शेळके

साक्षीदार : १. वहिदा मुबारक शेख (सही)
२. बद्रीनाथ कारभारी सोनवणे, टंकलेखक, गुलमंडी (सही)

साक्षीदारांची नोंद : वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. तेवढ्यात श्रेया आली. आप्पासाहेब उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने आत सगळीकडे पाहिले आणि विचारले, “चाची, बाबा कुठंयत?”