काझीसाहेबांचा पहिला प्रश्न

३ नोव्हेंबर १९५८
दाऊदचा आवाज! पहाटे स्वप्नात तो ऐकूनच जाग आली. साठ वर्षांपूर्वी मराठी शाळेत आम्ही सगळे एका सुरात कविता म्हणायचो आणि हा गलबतावरच्या तांडेलाचा पोर कायम एक ओळ पुढे! गुरुजी ओरडायचे, "दाऊद, कविता आहे, बापाची पडाव-होडी नव्हे!"

दुपारी तोच दाऊद ओसरीवर येऊन बसला. हलक्या आवाजात सांगू लागला. त्याच्या लेकीला, हलीमाला पुन्हा दिवस गेलेत. तिचं काळीज अधू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या बाळंतपणातून ती उठणार नाही. वाडीला, शहराच्या मोठ्या इस्पितळात गर्भ काढून घ्या, जीव वाचवायला कायद्याची आडकाठी नाही. पण हलीमाची सासू खतीजाबी म्हणते, "पाप आसा. माझ्या घरात होवचा नाय." तिची स्वतःची लेक बाळंतपणातच गेली, तरी असं बोलते! आणि जावई आईच्या शब्दाबाहेर नाही.

"काझीसायबांका इचारूया. तू चल, तू शिकलेलो."
"धर्म तुझा, आणि शिकलेला मी?"
"माका एकट्याक लाज वाटता रे, परश्या."

५ नोव्हेंबर
तळेऱ्याला गाडी बदलून विजयदुर्गाच्या वाटेवर काझीसाहेबांच्या गावी गेलो. वाटेत मला कवितेच्या दोन-चार ओळी सुचल्या, मी त्या म्हटल्याही. दाऊद म्हणे, "कंडक्टर तिकिटाचे पैसे परत देतलो, पण तू गप रव!"

काझीसाहेबांनी चहा दिला. सगळं शांतपणे ऐकलं. मग पहिलाच प्रश्न — "किती महिने झाले?"

दाऊदने माझ्याकडे पाहिलं. मी कौलांकडे.

"दोन आजोबा एवढ्या लांब आलात, आणि हे विचारलं नाहीत?"
"लेकीक कसा इचारतलंय, सायबानू!"

काझीसाहेब दाढीत हसले. मग सांगू लागले. या बाबतीत आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत नाही. आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथातही नाही. सबळ कारण असेल तर कोणी चाळीस दिवसांपर्यंत चालेल म्हणतो, कोणी चार महिन्यांपर्यंत, म्हणजे गर्भात रूह, आत्मा, फुंकली जाईपर्यंत. कोणी पहिल्या दिवसापासूनच नाही म्हणतो. "पण आई जाणार असं जाणत्या डॉक्टरचं मत असेल, तर आधी आई. ती मूळ आहे, गर्भ फांदी. जा, उशीर करू नका."

परतताना मी कविता म्हटली नाही!

६ नोव्हेंबर
सगळं ऐकून माझी बायको सुभद्रा पोट धरून हसली. "चवथो म्हयनो लागलो हा! माका इचारूचा होता. आणि हलीमाक काय व्हया, ता तरी इचारलात?"

नव्हतं विचारलं.

"मी इचारलंय. म्हणता — काकी, माका जगाचा आसा. माझी दोन पोरां आसत."



७ नोव्हेंबर
दाऊदने काझींचा निरोप विहीणबाईंना, खतीजाबींना सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. "चिडली असती तर बरा झाला असता," दाऊद म्हणतो.

८ नोव्हेंबर
सकाळी कडी वाजली. दाऊद असणार म्हणून मी आतूनच ओरडलो, "ये, एक ओळ पुढे!" —

दारात खतीजाबी. एवढ्या वर्षांत आमच्या पायऱ्या कधी न चढलेल्या! काखेत गाठोडं.

"मास्तरानू, काझीन खराच तसा सांगल्यान? आधी आई?"

"होय. माझ्यासमोर."

त्या उंबऱ्याशी खाली बसल्या. "माझ्या लेकीच्या, झैनबच्या वेळाक कोणी इचारूकच नाय. मीय नाय." पदराने तोंड पुसलं. मग गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. "हलीमाची लुगडी आसत. मी जातंय तिच्या वांगडा, सोबतीक. वाडीची गाडी किती वाजता?"