माळाला लावलेला निखारा

गगनबावडा,
१२ मार्च २००४

तीर्थरूप आण्णास,

धाकट्या आकारामचा नमस्कार. मी बरा हाय. वैनीचे गुडघे कसे हाईत? म्हस व्याली असंल. खरवस मला ठेवू नका, यायला जमणार न्हाय.

औंदा साहेबांनी आम्हा वनरक्षकांना जानेवारीपासनंच जुंपलंय. पूर्वी दोन माणसं आन् हिरव्या फांद्या, एवढ्यावर वणवा विझायचा. आता रानमोडी डोक्याच्या वर वाढतीया आन् फेब्रुवारीतच वाळून खडखडीत होतीया. म्हणून जाळरेषा दुप्पट रुंद केली. जंगलाच्या कडंचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचा, म्हंजे आग पुढं सरकत न्हाय. गावोगाव समित्या केल्या. मी घसा फुटंस्तोवर सांगत फिरलो, डोंगराला काडी लावू नका. आपलं गाव तेवढं सोडलं. म्हटलं, तिथं काय सांगायचं, आण्णाच हाईत की.

धुळवडीच्या दुपारी आपला माळ पेटला. वारं असं सुटलं की आग जाळरेषा ओलांडून जंगलात घुसली. आमचा वॉचर बाळासो सगळ्यांच्या पुढं होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. कोल्हापूरला दवाखान्यात हाय. बायको विठाबाई घास भरवती, तवा जेवतो. मला बघून म्हणाली, "भावजी, कुणी लावली ओ?" मी म्हटलं, चौकशी चालू हाय. थू माझ्या जिंदगानीवर!

मला ठाऊक होतं की. हिरड्याखाली खापर घावलं, राखंनं भरलेलं. होळीचा निखारा खापरात न्यायचा आन् माळाला लावायचा, मग म्हशींना कवळं गवत येतं, ही रीत आख्ख्या गावात आपल्याच घरची. बा करायचा, त्याच्या माघारी तुम्ही करताय. बाच्या वेळी रानात ओल असायची, आग वढ्यापाशी आपसूक मरायची. आता वढा संक्रांतीलाच आटतो, आण्णा.

गेल्या सालीबी खापर घावलं होतं. मी ते दरीत भिरकावलं आन् पंचनाम्यात लिहिलं, कारण अज्ञात. तवाच तुमचा हात धरला असता तर बाळासो आज आपल्या हातानं जेवला असता.

वैनीचा निरोप पोचला, "घरातलं घरात ठेवा." आण्णा, पावसात मला खांद्यावर बसवून शाळंत नेलंत, ते मी विसरलो न्हाय. पर हे जमणार न्हाय. काल खापर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. गेल्या सालचं माझं खोटंबी सांगितलं. नोकरी ऱ्हाईल न ऱ्हाईल.

नाव तेवढं सांगायचं ठेवलंय. सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतलीया. दहा वाजता हाफिसात आपल्या पायानं या, आपल्या तोंडानं सांगा. मी शेजारी उभा ऱ्हातो.

न्हाय आलात तर अकराला मी वर्दी घालून दारात येतो. आधी तुमच्या पाया पडंन. मग तुम्हाला घेऊन जाईन.

तुमचाच,
आकाराम
वनरक्षक