डावीकडून येणारी

२ मार्च
आज रुजू झाले. लाँच आटोपशीर, खाडी सरळसोट, भोंगा खणखणीत; पन्नाशीतल्या बाईला आणखी काय हवं? तिकीटवाल्या काकांनी मात्र असं पाहिलं, जणू मी सुकाणू धरायला लाटणं घेऊन आलेय. आधीचा चालक न सांगता सोडून गेला म्हणे. त्याची पिवळी टोपी केबिनमध्ये खिळ्यावर तशीच आहे. समोरच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, त्याने चिकटवलेली लाल पट्टीही. राहू दे, माझं काय खातेय.

५ मार्च
पट्टीमागे करडी बोट दिसली. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा: दुसरी बोट काचेवर सरकत गेली तर बिनघोर राहा, एकाच जागी राहून मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली. ही सरकेना. डावीकडून येणाऱ्याने वाट द्यायची, म्हणजे तिने. भोंगा दिला. ढिम्म. शेवटी मीच वेग कमी केला, तरी ती पट्टीमागेच.
काका म्हणाले, आधीच्यालाही दिसायची, बाई, नोकरी सोडा. म्हटलं, काका, मी सासूला वाट दिली नाही, हिला देईन?

८ मार्च
आणखी मोठी. उजवीकडे वळले, पट्टीमागेच. पूर्ण गिरकी घेतली. अख्खी खाडी काचेवरून फिरली, ती सोडून. प्रवाशांना काही दिसत नाही. एका आजींनी विचारलं, रस्ता चुकलीस का गं.

९ मार्च
रजा. घरीच. स्वयंपाकघराच्या खिडकीत, डाव्या कोपऱ्यात— ही खिडकी गल्लीकडे उघडते. तिथे पाणी नाही. तिला त्याचं काही नाही. भिंतीपलीकडे शेजारणीची मुलं खेळतायत. इथे धडकू देणार नाही.

१० मार्च
काकांना सांगितलं, आज एकही तिकीट फाडायचं नाही. ते म्हणाले, पळून जा. कुठे? बिनखिडकीच्या गावाला?
एकटीच आलेय. खाडीच्या मधोमध, इंजिन बंद. भर दुपार.

काचेत पाणी उरलं नाही. नुसतं करडं नाक.

तिच्या सुकाणूवर माणूस आहे. बोडका. हात हलवतोय— टोपी मागतोय, की बाजूला हो म्हणतोय—

टोपी घे बाबा. वाट नाही मिळणार. भोंगा दाबून धरलाय. नियम आहे, डावीकडून येणाऱ्यानेच—