काचेच्या छताखाली

११ मार्च

आजही हसली! माझ्याकडेच बघून!

मी तलावावरच्या लोखंडी पुलावर, हातात फडकं, डोक्यावर काचेचं छत. ती खाली, पाठीवर पोहत माझ्यापासून लांब लांब जाणारी. बॅकस्ट्रोकवाल्याला वर बघण्यावाचून इलाज नसतो, मान्य. पण हसायची काही सक्ती आहे का?

मीही बत्तिशी दाखवली. त्या नादात फडकं सुटलं ते थेट पाण्यात. तिचे कोच ओरडले, "ए कॉलेजकुमार! त्यालाही पोहायला शिकवायचंय का?" यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीच म्हणतात. मागून.

कॉलेजकुमार म्हणे! प्राध्यापकांसमोर वही आपटून वर्गातून निघालो, तो परत गेलोच नाही – ही कथा मामानं इथे सगळ्यांना सांगून ठेवलीय. मामा तलावाचे पंप बघतो. त्यानंच मला इथे चिकटवलं.

१२ मार्च

निळा शर्ट घातला. तिनं पाहिला. नक्की.

१६ मार्च

मामा म्हणाला, "सगळे तिला ताई म्हणतात. तू काय सारखं 'अहो, अहो'? ताई म्हण."

जीभच रेटत नाही. कशी रेटेल!

सकाळी ऊन काचेतून पाण्यात उतरतं आणि पाण्यातून परत वर येतं. पूल, कठडा, माझे हात – सगळ्यांवर उजेडाच्या लाटा. मग कळत नाही, पाणी खाली आहे की मीच पाण्यात आहे. मला पोहता येत नाही, पण त्या वेळी येतं असं वाटतं. ती खालून जाते. हात वर, हात वर. आवाज नाही. मलाही घेऊन जाते. किती लांब ते विचारू नये.

२१ मार्च

बोलली!! पायरीवर बसली होती, खांद्यावर बर्फाची पिशवी. मी उगाचच तीच तीच फरशी पुसत होतो.

"एवढी घासलीस तर खालची माती लागेल," म्हणाली.

मग आपणहूनच सांगत बसली. लहानपणी तोंड पाण्यात घालायला घाबरायची. वडील म्हणाले, मग पाठीवर पोह. तीच पाठ पुढे देशात पहिली आली, पाच वर्षं पहिलीच राहिली. "लोकांना वाटतं धाडस. अरे, भीतीच ती! तिच्यावरच जगले मी."

आता उजवा खांदा गेलाय. गेली दोन वर्षं हरतेय. पुढच्या महिन्यात निवडीची शर्यत आपल्याच तलावावर. पहिली येईल तीच परदेशी स्पर्धेला जाणार. "नाही जमलं तर संपलं."

संपलं कसं म्हणते! मला रडू आलं. फरशी ओलीच होती, बरं झालं.

२९ मार्च

ती स्वतः पुलावर आली. माझ्यापाशी! म्हणाली, "उद्यापासून बरोबर माझ्या लेनवर उभा राहशील? मी सरळ जाते मग."

खांद्यामुळे उजवा हात कमी ओढतो, आणि ती तिरकी होत दोरीला जाऊन भिडते. परत येताना समोरच्या भिंतीवर घड्याळ असतं, ते धरून येते. जाताना धरायला काहीच नाही. नुसती काच. आणि मी.

मी म्हणणार होतो, जन्मभर उभा राहीन. तेवढ्यात खालून शिट्टी – "बादली ठेवली तरी चाललं असतं. पण बादली पंच काढायला लावतील. तुला कोण काय म्हणणार? काचा पुसतोयस!"

बादली!

फडकं तिथेच फेकलं. घरी आलो.

३० मार्च

गेलो नाही. आई म्हणाली, "कॉलेजवर रुसलास, आता तलावावर. पुढचा रुसवा कोणावर ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे मी तयारीत राहीन."

१ एप्रिल

गेलो.

कोणी काही विचारलं नाही. उभा राहिलो. ती निघाली, डोळे माझ्यावर, एक हात, दुसरा हात. दोरीला बोटसुद्धा लागलं नाही. जगात कोणी कोणाकडे इतका वेळ बघतं? बादली तर बादली.

९ एप्रिल

मी हललो.

लिहून टाकतो, नाहीतर रात्रभर तेच. पहिल्या फेरीत ती बाणासारखी सरळ गेली. घड्याळ धरून परत आली. पुढे होती! तिसऱ्या फेरीला शेजारच्या लेनमधली जवळ यायला लागली. किती जवळ, ते मला दिसेना. राहवेना. ओरडत पुलावरून त्या बाजूला धावलो. चार पावलं असतील.

आणि ती माझ्यामागे आली. पाण्यातून, तिरकी, मी जिकडे, तिकडे. हात दोरीवर आपटला. लय गेली ती गेलीच.

दुसरी आली. वीतभरानं!

मी, मी, मी! एवढंच काम होतं – उभं राहायचं. बादलीनं केलं असतं.

१३ एप्रिल

मामानं बकोटीला धरून नेलं. ती पायरीवर, खांद्यावर पिशवी.

"हललास ना?"

"हो."

"कळलं मला तिथेच. वाटलं, गाढवा, कुठे निघालास?"

"रागावला नाहीत?"

"रागावले की! दोन दिवस जेवले नाही. आता संपलंय सगळं, तर म्हटलं काहीतरी शिकवावं कोणाला. तलावावर नोकरी आणि पोहता येत नाही, लाज कशी वाटत नाही? उद्यापासून उतर."

मी म्हणालो, "तोंड पाण्यात घालायची भीती वाटते."

खूप हसली. "मग पाठीवर!"

२४ एप्रिल

आज पाठीवर सुटा तरंगलो. ती वर पुलावर जाऊन उभी राहिली. "माझ्याकडे बघ आणि पाय मार!"

बघितलं. काचेतून एवढा उजेड, आणि त्यात माणसाएवढा एक काळा डाग. चेहरा नाही. कपड्यांना रंग नाही. हसतेय की नाही, काही कळत नाही. श्वास रोखून माझे ओठ ताणले गेले होते – वरून पाहणाऱ्याला हसलोच वाटलं असतं.

निळा शर्ट! खरंच हसू आलं, नाकात पाणी गेलं, गटांगळी खाल्ली. परत वर आलो. डाग शोधला.

ती जराही हलली नव्हती.