कवड्यांची सॅक

बोरी अरबजवळचा तांडा,
चैत्र, १९६४

प्रिय किसन,

तुझं पत्र परवा पोचलं. नेहमीसारखं अंगणात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि अर्ध्यात थांबावं लागलं. तुझ्याबरोबर निवडलेल्या श्रीकृष्णचे मुंबईहून आणलेले पहाडावर चढायचे बूट वसतिगृहातून चोरीला गेले, सरांनी झडती घ्यायची ठरवली, आणि एवढ्या पोरांत पहिली पेटी उघडली ती तुझी. तुझ्या पेटीत तुझ्या दाजींनी दिलेले बूट निघाले, तर ते कुठून आणले याचा जबाब तुला सगळ्यांदेखत द्यावा लागला. आणि शेवटी तू लिहितोस, बाई, पहाडात जाणाऱ्यांतून माझं नाव काढायला सांगतो आणि घरी येतो. मले इतका राग आला बाप्पा, की कागद चुलीत घालावा वाटला. सरांचा राग आलाच, पण तुझा त्याहून जास्त आला. आता नीट बसून वाच. मोठी बहीण आहे, बोलणारच.

तुझी निवड झाली तेव्हा इथं काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून आधी ते सांगते. होळी तोंडावर आली होती आणि मी नुकती माहेरी आले होते. बा बोरीच्या बाजारातून तुझं कार्ड घेऊन आला. मी वाचलं की अमरावतीच्या तुमच्या कॉलेजातून मोजकी पोरं निवडली, त्यांना पार कुलूच्या पहाडात नेऊन बर्फावर चढायला शिकवणार, आणि त्या पोरांत आपला किसन. याडीनं आईच्या काळजीनं पहिलं विचारलं, वर चढून करायचं काय? मी म्हटलं, उतरायचं. ती म्हणाली, मग जाऊ दे, उतरणार असेल तर काही हरकत नाही. त्या होळीला बायकांनी लेंगीची गाणी म्हणताना तुझं नाव गुंफलं. आणि आपला बा, जो लग्नातसुद्धा खांबाला टेकून बसतो, तो डफ घेऊन मधोमध उभा राहिला. पलीकडच्या तांड्यातले लोक आले होते, त्यांना हाताला धरधरून सांगत होता की माझा पोरगा ढगाच्या वर जाऊन राह्यला. किसन, मी बाला इतकं फुललेलं कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नातही नाही, आणि मी काही त्याची नावडती नव्हते.

मग आलं सामानाचं. शिकवण फुकट, जेवण फुकट, पण बूट, सॅक आणि गरम कपडे ज्याचे त्यानं आणायचे. तू मुंबईच्या दुकानातले भाव कळवलेस ते ऐकून आजा म्हणाला, एवढ्यात चांगला गोऱ्हा येतो, आणि गोऱ्हा आपल्या पायानं तरी चालतो. सगळे हसले, पण बा हसला नाही. तो वावराकडे बघत बसला. तेव्हा तुझे दाजी बोलले, बुटांचं माझ्याकडे. वणीकडच्या खाणीवर त्यांचं काम, आणि वणीच्या बाजारात मिलिटरीचे जुने बूट विकायला येतात. तुझ्या पायाच्या मापाची सुतळी मी त्यांना दिली होती. ती खिशात घेऊन दर बाजारी ते त्या ढिगात बसायचे. मिळाले शेवटी. उजवा धड होता, डाव्याचा तळ गेला होता. मोच्याकडून दोन्हीचे तळ बदलून घेतले, खिळे ठोकून घेतले, आणि घरी आणून लेकरासारखे मांडीवर घेऊन त्यांना तेल चोळत बसले. तेच बूट हातात उचलून सरांनी तुले विचारलं, कुठून आणलेस? दाजी मला न्यायला इथं आले होते, त्यांनी ऐकलं आणि ताटावरून उठले. म्हणाले, मोच्यालाच अमरावतीला नेऊन उभा करतो. मी थांबवलं. आपल्या बुटाला साक्षीदार कायले पाहिजे?

आता सॅकची गोष्ट ऐक. तुला रडू येत असेल तर हसू येईल. तू लिहिलं होतंस, पाठीवर घ्यायची मोठी पिशवी, दोन पट्ट्यांची. मी आजाला समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, पोरी, ओझ्याचं मले नको शिकवू. त्याच्या लहानपणी आपल्यातल्या काही घरांची लदेणी अजून चालू होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख चालायचे, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यानं आपल्या घरातली जुनी गोणी काढून दिली. असलं कापड आता मिळत नाही, पाणी ओतलं तर वरच्या वर घरंगळतं. आजा बाजूला बसून सांगत गेला आणि याडी, मी आणि शेजारची लालीबाई शिवत गेलो. मोठ्या हौसेनं शिवली. आणि उचलून धरली तर काय, बैलाची गोणी! दोन पोटांची, अर्धं ओझं या अंगाला, अर्धं त्या अंगाला. आजा काही केल्या ऐकेना. एका अंगाला ओझं लादलं की पाठ सोलते, म्हणे. तुझ्या दाजींच्या गळ्यात घालून त्यांना टेकडीवर चढवलं. एक पोट पुढं, एक मागं, बिचाऱ्याला स्वतःचे पाय दिसेनात. पुढच्या पोत्यावर गुडघे आपटतायत आणि मागून तांड्यातले पोट्टे हुर्र हुर्र करून हाकतायत! याडी हसता हसता खाली बसली. आजा रुसला. मग सगळं उसवलं आणि पुन्हा माणसाच्या मापानं शिवायला घेतलं.

आता झाली आहे ती बघत राहावी अशी. खांद्यावरच्या पट्ट्यांत कापूस भरलाय, आपल्याच वावरातला. तोंडाला सुताची दोरी आहे, बानं वळलेली. आणि हाव, कवड्या लावल्या आहेत. झाकणावर कशिदा आहे आणि मधोमध एक आरसासुद्धा आहे. तू बजावलं होतंस, बाई, कवड्या नको, पोट्टे हसतील. हसू दे की! तूच लिहिलंस ना, मागच्या वर्षी दिल्लीच्या स्टेशनात दोघांच्या सॅक गेल्या आणि ती पोरं पहाड न बघताच परतली? अरे, दुकानातल्या सगळ्या सॅक सारख्या. वरचं नाव खोडलं की ज्याच्या पाठीवर त्याची. आपली सॅक कोणी उचलली तर तो जाईल कुठं? हमालापासून तिकीटवाल्यापर्यंत जो पाहील तो विचारेल, काहून रे बाबा, ही बंजाऱ्याची वस्तू तुझ्याकडे कशी? लदेणीत असंच होतं म्हणून आजा सांगतो. प्रत्येक घराचा टाका वेगळा. गोणी चोरीला गेली तरी दुसऱ्या बाजारात कोणीतरी टाका ओळखायचा. मी आपल्या घरचा टाका घातलाय, वर घातलाय आणि आतूनही घातलाय. चोरायची तर चोरानं आधी उसवत बसावं.

आणखी एक गोष्ट आजानं शिवताना सांगितली, ती मला माहीत नव्हती. वाटेत एखादं पोतं फाटलं आणि माल सांडला, तर तो आधी वेचायचा, पोतं शिवायचं आणि मगच चूल पेटवायची. पोरं भुकेनं रडली तरी. कारण माल दुसऱ्याचा. म्हणून प्रत्येक बाईच्या ओढणीला सुई अडकवलेली असायची. हे ऐकलं तेव्हा मी नुसती हाव हाव करत टाके घालत होते. परवा तुझं पत्र वाचलं आणि ते आठवलं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांचं मीठ आणि लोकांचं धान्य ज्यांच्या भरवशावर चाललं, त्यांच्या घरच्या पोराची पेटी पहिली उघडतात! कुठं कोंबडी हरवली तरी शिपाई आधी तांड्यावर यायचा, हे बानं सोसलं. आजानं तर त्याहून जास्त सोसलं. मला वाटलं होतं, कॉलेजाच्या दारातून आत गेलं की ते मागं राहील. नाही राहिलं. मला वाईट वाटलं, किसन. खूप वाईट वाटलं.

पण आजाला काय वाटलं ते सांगते. पत्र संपलं. याडी डोळ्याला पदर लावून बसलेली. आजानं चिलीम खाली ठेवली आणि विचारलं, मग? मी म्हटलं, मग काय, झडती झाली. तो म्हणाला, ते कळलं, पण पोरगा परत काहून येतो? लदेणीच्या वाटेवर प्रत्येक नाक्यावर गोण्या उघडायला लावायचे. काठीनं ढोसायचे, मीठ सांडवायचे, शिव्या द्यायचे. आपली माणसं गोण्या उघडून बाजूला बसायची, त्यांचं झालं की पुन्हा बांधायची आणि पुढं निघायची. झडती झाली म्हणून कोणी बैल माघारी फिरवले नाहीत. इतकं बोलून त्यानं चिलीम उचलली. माझ्या मनात जे गरगरत होतं ते म्हाताऱ्यानं सरळ करून टाकलं.

तूच विचार कर. तू आज निघून आलास तर सर काय म्हणतील? गेला, म्हणजे तोच होता. चोर सापडो न सापडो, ते बूट जन्मभर तुझ्या नावावर. आणि पुढच्या वर्षी आपल्यातला दुसरा कोणी पोरगा त्या वसतिगृहात गेला की त्याचीही पेटी पहिली. श्रीकृष्णवर मात्र राग धरू नकोस. तू लिहितोस की तो काही बोलला नाही, खाली मान घालून उभा होता. बोलायला पाहिजे होतं, हे खरं. पण त्याचं खरंच गेलंय रे. यवतमाळच्या कचेरीतल्या त्याच्या बापानं पोरासाठी मुंबईहून बूट आणले, म्हणजे त्यांनीही पोटाला चिमटा घेतला असेल. याडीला एवढ्या दुःखात तेच सुचलं, तो पोरगा आता काय घालून चढेल म्हणून. त्याला विचार आणि मला कळव. दाजींच्या ओळखीचा तो ढीग अजून वणीच्या बाजारात येतो.

बाकी इथं बरं आहे. मोहाचा बहर सरत आला, याडीनं सुकवून ठेवलाय. ऊन भाजून काढतंय. तुझ्या त्या बर्फाचं नाव काढलं तरी लालीबाईला थंड वाटतं म्हणते. बाचा दुखरा पाय आता बरा आहे.

आता खरं सांगते. हे पत्र मी माझ्या मनानं लिहायला बसले नव्हते. बानं बसवलं. तुझं पत्र ऐकून तो उठून बैलांपाशी गेला, सांजेपर्यंत तिथंच होता, आणि येऊन मला एवढंच म्हणाला की लिही, घरी ये. माझा पोरगा मी कोणापुढं पेटी उघडून उभा राहायला धाडला नव्हता, डोंगर आपल्याकडेही आहेत. मी ‘प्रिय किसन, बा म्हणतो घरी ये’ असं लिहिलं आणि माझा हात पुढं चालेना. तो कागद मी फाडला आणि हा घेतला. आत्ता इथपर्यंतचं सगळं बाला वाचून दाखवलं. मला वाटलं, ओरडेल.  त्यानं फक्त विचारलं, त्याची दिल्लीची गाडी धामणगावला थांबते ना? सॅक पार्सलानं धाडायची असं ठरलं होतं, पण आता बा म्हणतो, पार्सल नाही. पार्सल वाटेत कोण उचलेल सांगता येत नाही, आणि तसंही पहिलं ओझं घरधन्याच्या हातानंच चढतं, मग तो बैल असो की पोरगा. तेव्हा आम्ही सगळे गाड्या जुंपून धामणगावला येतो आहोत. आजा येतोय, दाजी येतायत, याडी आणि लालीबाई बांगड्या, आरसे, घुंगरं सगळं अंगावर घालून येतायत. बघू दे तुझ्या सरांना आणि पोरांना, ही माणसं कोणाची ते. नाव काढलं असशील तर हे पत्र हातात पडताच जाऊन परत घाल. गाडी तिथं फार थांबत नाही. डब्याच्या दारात उभा राहा, पाठ आमच्याकडे करून.

तुझीच,
रामीबाई