चढावर ट्रॅक्टर थांबत नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार
तालुक्याला सरपंचांची मीटिंग. वाटलं पाणीपट्टीचं असेल. निघालं भलतंच. मुलांचे हक्क आणि निर्णयात मुलांचा सहभाग, त्यासाठी सरकारी निधी. गावात बालसभा घ्यायची, मुलं जे काम ठरवतील त्याचा ठराव पाठवायचा, मग पैसे येणार. पुण्याहून आलेल्या ताई चांगलं बोलल्या. "मुलांना विचारा. तुमच्या मनातलं नको, त्यांच्या मनातलं लिहा." मी मान हलवली. शेजारी बसलेली सरपंचीण पेंगत होती.
येताना एसटीत डोक्यात तेच. मला लहानपणी कुणी काय विचारलंतं? लग्नालासुद्धा... जाऊ दे.
गावात ऊसतोड सुरू झाली. ह्यांचा ट्रॅक्टर कालपासून खेपेला लागला. घरभर डिझेलचा वास.

८ नोव्हेंबर, शनिवार
ग्रामसेवक मुजावर भाऊसाहेब बालसभेचा ठराव घेऊन घरी आले. सभा अजून व्हायचीय, ठराव तयार. "म्याडम, लिहून ठेवलेला बरा. शाळेला घसरगुंडी, झोपाळे, भिंतीवर चित्रं. पोरं हात वर करतील, फोटो काढू, तुमची सही. झालं."
ग्रामसभेचं आम्ही असंच करतो. ठराव आधी, सभा मागनं. सरपंच झाल्यापासून मी अशाच सह्या करत आलेय, कधी खटकलं नाही. आज खटकलं. खरं घसरगुंडी वाईट आहे का? नाही. मग काय खुपतंय ते कळेना. सभा होऊ दे, मग सही करते म्हणलं. भाऊसाहेब चहा पिऊन गेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बालसभा झाली. कुठनं लिहू.
प्रांजल बालसरपंच. माझीच पोरगी म्हणून नको, असं मी चौगले सरांना सांगितलंतं. पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि तिलाच काढलं. सातवीतली पोर माझ्या खुर्चीत बसली, पाय लटकत होते. बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
भाऊसाहेबांनी ठराव वाचला. घसरगुंडीला टाळ्या पडल्या. म्हणलं सुटलो. तेवढ्यात पाचवीतली सायली उठली.
"उसाचा ट्रॅक्टर शाळंपाशी थांबवा आणि आमास्नी एकेक ऊस हातात द्या."
सगळे हसले. चौगले सर म्हणाले, बस खाली. तर प्रांजल म्हणते, "सर, बालसभा हाय ही. तिला बोलू द्या की."
मी चंदगडची. माहेरी भात आणि काजू, हा ऊस ओढायचा प्रकार मी लग्न होऊन आल्यावर बघितला. शाळेपुढं चढ आहे. भरलेला ट्रॅक्टर तिथं हळू होतो, पोरं मागनं पळतात आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढतात. हे पण लहानपणी ओढायचे, त्यांचे वडील पण. कुणाला त्याचं काही वाटत नाही. गेल्या हंगामात सायली ओढताना पडली. मागच्या ट्रॉलीचं चाक डोक्याजवळनं गेलं. मनगट मोडलं, जीव वाचला. ट्रॅक्टर आमचा होता. हे चालवत होते.
सायली म्हणाली, "हातात मिळाला तर कोण पळंल मागनं?"
एवढंच बोलली आणि बसली. प्रांजलनं विचारलं, कुणाकुणाला पटलं? सगळे हात वर. तेवढ्यात भाऊसाहेबांच्या पोरानं फोटो काढला. घसरगुंडी राहिली बाजूला. भाऊसाहेब माझ्याकडं बघालते, मी त्यांच्याकडं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जेवताना ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला.
"कोण म्हणालं? सायली?"
व्हय म्हणलं. तसे तापले. "चढाला थांबवायचा? दोन ट्रॉल्या भरलेल्या असत्यात. पुढनं उचलतोय ट्रॅक्टर. मागं सरकला तर मागं कोण असणार? पोरंच की. ठराव करणाऱ्यानं कधी स्टेरिंग धरलंय काय?"
प्रांजल ताटावरनं उठून गेली.
हे बरोबर बोलतात. पोरांचं पण बरोबर. मग चुकतंय कोण? ह्यांना त्या दिवसापासून चढ आला की घाम फुटतो, हॉर्नवरचा हात काढत नाहीत. मला ठाऊक आहे. बोलत मात्र नाहीत, आणि मी विचारत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
भाऊसाहेबांनी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाले, "ठराव गोड आहे. पण निधीतनं वस्तू उभी राहिलेली दिसली पाहिजे. ऊस वाटायला निधी देता येत नाही."
मी म्हणलं, "साहेब, उसाला पैसे कुणी मागितलेच नाहीत."
"मग निधी कशाला पाहिजे?"
आता ह्याला काय बोलायचं. खरंच, कशाला पाहिजे?
शेवटी म्हणाले, "घसरगुंडीचाच पाठवा. मुलांचा सहभाग झालाय ना? फोटो आहेत ना?" फोटो आहे. सगळ्यांचे हात वर आहेत. कशासाठी वर आहेत ते फोटोत दिसत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. चौगले सर म्हणतात दोन्ही ठराव पाठवा. भाऊसाहेब म्हणतात दोन पाठवले की दोन्ही अडकतात. उपसरपंच म्हणतात, "ऊस मागत फिरायला पोरं काय भिकारी हाईत? आणि ऊस कुणाचा, शेतकऱ्याचा का कारखान्याचा? कुणाचा म्हणून वाटणार?" ओढून नेतात तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.
संध्याकाळी डेअरीवर सायलीची आई भेटली. मान खाली. "वहिनी, माफ करा. मी तिला सांगिटलंतं गप बस म्हणून. तिचा बाप तुमच्याच रानात येतोय कामाला. तुमच्या घरचं नाव निघालं उगंच." मी म्हणलं, अगं नाव कुठं निघालं, ती बरोबर बोलली. खरं ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. घाबरली होती. मला घाबरली होती. लई वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रांजलनं विचारलं, "मम्मी, आमचा ठराव गेला काय?"
बघालोय म्हणलं.
"बघालोय म्हणजे न्हाय."
ही पोर पंचायतीत फिरून सगळं शिकली. दिवसभर मला मम्मी म्हणाली नाही. "सरपंच, भाकरी वाढा." "सरपंच, माझी ओढणी कुठाय." हे हसले. मला हसू आलं नाही.
दुपारी तिला धरून बसवलं. पप्पांचं म्हणणं समजावलं, चढाला थांबलं तर काय होतं ते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हे आमाला सभेत का न्हाय सांगिटलं? पप्पास्नी बोलवायचं हुतं की."
खरंच की. खुर्च्या मांडून एवढी माणसं बसलेली. ट्रॅक्टर चालवणारं एक नव्हतं. मला सुचलं नाही, भाऊसाहेबांना नाही, सरांना नाही. पुण्याच्या ताईंनी मुलांना विचारा म्हणून सांगितलं, ड्रायव्हरचं कुणी बोललं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पोरांनी आपणहून परत सभा घेतली. काल संध्याकाळी प्रांजल मैत्रिणी घेऊन घरात आली, ह्यांच्यापुढं उभी राहिली. "पावणं, उद्या बालसभेला यायचं हाय." हे म्हणाले खेप आहे. म्हणलं झालं, संपलं.
आज खेप सोडून गेले. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. मी शाळेच्या दारात थांबले, आत गेले नाही. हे पोरांत खाली मांडी घालून बसले. एकाची पाटी तिरकी धरली, तिच्यावर पुढं खोडरबर, मागं दोन कंपासपेट्या. "हे बगा. हितं थांबवला की ह्या दोन मागं वडत्यात. ह्यो पुढनं उचलतोय. मग ब्रेक लागत न्हाय, स्टेरिंग फिरत न्हाय. मी काय करू सांगा." पेट्या घसरून त्यांच्याच मांडीवर पडल्या. कुणी हसलं नाही.
पोरं म्हणाली, मग चढाखाली डेअरीपाशी थांबा, तिथं सपाट आहे.
"थांबतो. खरं मागचा थांबंल काय? कारखान्यावर नंबर जातोय. मी माझं सांगतो, दुसऱ्याचं न्हाय."
सायली शेवटच्या ओळीत. ह्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.
नवा ठराव: भरलेले ट्रॅक्टर डेअरीपाशी थांबतील, एकेक ऊस देतील, चढावर कुणी पळणार नाही. प्रांजलनं स्वतः लिहिला. शेवटी सगळ्यांच्या सह्या, पहिलीतल्या पोरांचे अंगठे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांचा फोन. सोमवारी संध्याकाळपर्यंत ठराव आला नाही तर निधी दुसऱ्या गावाला.
भाऊसाहेबांचा जीव खालीवर. माणूस वाईट नाही. त्यांनीच डोकं चालवलं, "म्याडम, डेअरीपाशी बोर्ड लावू, इथं ट्रॅक्टर थांबेल म्हणून. बोर्ड वस्तूच की, दिसतोय." साहेबांना विचारलं. शाळेच्या आवारातच पाहिजे म्हणाले. आवारात ट्रॅक्टर कसा थांबवायचा.
म्हणजे पोरांचा ठराव पाठवला तर निधी जातो. घसरगुंडीचा पाठवला तर निधी येतो, आणि पोरं घसरगुंडीवर बसून चढाकडं बघत राहतात. दोन्हीवर सही माझी. प्रांजल काही विचारत नाही आता. ती विचारत होती तेच बरं होतं.

१ डिसेंबर, सोमवार
डेअरीच्या ओट्यावर बसून लिहितेय. पिशवीत दोन्ही ठराव, बिनसहीचे.
सकाळी शाळेआधी पोरं इथं ओळीनं उभी राहिली. पहिला ट्रॅक्टर टेप वाजवत गेला, थांबला नाही. दुसऱ्यानं हात केला आणि गेला. एकजण पळायला निघालता, प्रांजलनं कॉलर धरून मागं ओढला. तेवढ्यात आमचा आला. थांबला. इंजिन बंद केलं ह्यांनी. उतरले, मोळीतनं ऊस काढून एकेकाच्या हातात देत गेले. मागं आणखी ट्रॅक्टर येऊन अडकले. हॉर्नवर हॉर्न. एकजण शिव्या देत खाली उतरला.
सायली ओळीत नव्हती. डेअरीच्या भिंतीला चिकटून उभी, दोन्ही हात मागं. हे ऊस घेऊन तिच्यापुढं गेले. "घे, बाळ." तिनं हात पुढं केला नाही. त्यांच्याकडं नाही, मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडं बघालती. मागनं हॉर्न चाललेलेच. हे बराच वेळ तसेच उभे. मग तिच्या शेजारी भिंतीला ऊस टेकवला, ट्रॅक्टरवर चढले आणि गेले. चढावर हॉर्न वाजवला नाही.
शाळेची घंटा झाली, पोरं गेली. ती पण गेली. ऊस आहे तिथंच आहे. डेअरीवाल्यानं उचलायला हात घातला, मी नको म्हणलं.
तेव्हापासून बसलेय. दोन एसट्या सोडल्या. शाळा सुटली की ती ह्याच वाटेनं घरी जाणार. ती ऊस उचलते का ते मला बघायचंय, मग कुठली सही करायची ते कळेल असं वाटतंय. कशावरनं कळेल, ते सांगता येत नाही. तालुक्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं तर आत्ताची एसटी धरायला पाहिजे, शाळा सुटायला अजून वेळ आहे.
एसटी वळणावर दिसतेय. मी अजून उठलेली नाही.